इंदूचं माहेर

नवी मुंबईत मी उतरले होते त्या घरी मला सारखा कोरा चहा पाजण्यात आला. बिनदुधाचा, बिनसाखरेचा, वर आल्याची चकती तरंगणारा. मी सांगलीची बाई. आमच्याकडे असा चहा पुढे आला तर पाहुणा विचारतो, घरात कुणी आजारी आहे का? पहिल्या दिवशी मला वाटलं, यजमानीण डाएटवर असेल. दुसऱ्या दिवशी कळलं की हा चहा खास माझ्यासाठी केला जात होता, कारण इंदूला कोरा चहा लागतो.

इंदूला कोरा चहा लागत नाही. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण इंदूचा आवाज मी आहे.

ज्यांनी ऐकली नसेल त्यांच्यासाठी सांगते. 'खाडीकाठची इंदू' ही मोबाइलवर ऐकायची मालिका. पडदा नाही, चेहरे नाहीत, नुसते आवाज. नवी मुंबईच्या खाडीवरच्या एका कल्पित गावात इंदू नावाची मुलगी आहे. बाप होडीवरून पडून गेलेला, आई पारू मासळी विकणारी. भानुशेठ नावाचा बिल्डर खारफुटीत भराव टाकून इमारती उठवायला निघतो, आणि इंदू नकाशे, सातबारे, अर्ज वाचायला शिकून त्याला अडवते. एवढीच गोष्ट. पुण्याच्या एका लहानशा स्टुडिओत आम्ही ती रेकॉर्ड केली. मी शाळेत मराठी शिकवायची, आकाशवाणीवर कधीमधी वाचायची. पन्नाशीत तरुण पोरीचा आवाज काढायला मिळाला याचंच मला अप्रूप होतं. मालिका ऐकली गेली, खूप ऐकली गेली, आणि नेरूळच्या तनुजाने 'इंदूप्रेमी' नावाचा ग्रुप काढला. त्यांचा मेळावा वाशीला होता. "मॅडम, तुमी नाही आलात तर मजा नाही," असं तनुजा फोनवर म्हणाली. मालिकेचा निर्माता समीर, तोही म्हणाला, मालिकेचं दुसरं पर्व येतंय, जाऊन या. म्हणून गेले.

नेरूळ

तनुजाचं घर सेक्टरातल्या एका सोसायटीत सातव्या मजल्यावर. तिथला पत्ता म्हणजे नुसते आकडे असतात: सेक्टर, प्लॉट, विंग, फ्लॅट. आमच्याकडे रिक्षावाल्याला 'गणपतीच्या मागं, गिरणीशेजारी' एवढं पुरतं. इथे मी प्लॉटचा आकडा सेक्टरचा म्हणून सांगितला आणि भलत्याच सोसायटीच्या वॉचमनशी हुज्जत घालत उभी राहिले. रस्ते मात्र रुंद, झाडं रांगेत, आणि तनुजाच्या खिडकीतून लांबवर खाडीची राखाडी पट्टी दिसत होती. तिच्या सासूबाई देवगडच्या. त्यांनी सोलकढी आणि सुरमईचं तिखलं केलं होतं, ते मी बोटं चाटून खाल्लं, आणि तो माझा नवी मुंबईतला शेवटचा निर्भेळ आनंद ठरला.

जेवण झाल्यावर तनुजाने मला एक चित्र दिलं. ग्रुपमधल्या कुणीतरी काढलेलं, फ्रेम केलेलं. गोरीपान मुलगी, पिंगट डोळे, कमरेपर्यंत केस, डाव्या हातात पेन.

"ही कोण?" मी विचारलं.

"मॅडम, तुमी पण ना. इंदू."

"इंदू गोरी आहे?"

"मग? सगळे तशीच काढतात." ती मोबाइलवर एकेक चित्र दाखवू लागली. सगळ्या चित्रांत तीच गोरी मुलगी, तेच पिंगट डोळे, सगळीकडे पेन डाव्या हातात. मी तिला म्हटलं, आपल्या मालिकेत पारू पोरीला 'माझी काळी कोलंबी' म्हणून हाक मारते, ते ऐकलंय ना? तनुजा म्हणाली, "ते लाडाने असतं, मॅडम. आपण गोऱ्या बाळाला नाही का काळू म्हणत, नजर लागू नये म्हणून."

मला हसूही येईना. मी स्वतः सावळी. त्या चित्राखाली मला सही करायची होती. मी पेन उजव्या हातात घेतलं तेव्हा तनुजाचा चेहरा जरासा पडला.

वाशी

मेळावा वाशीतल्या एका हॉलमध्ये होता. दीडशेएक माणसं असतील. बहुतेक नोकरदार, चांगल्या कपड्यांतली, हसरी. मला बघून आधी गोंधळली, कारण त्यांच्या मनातली इंदू पंचविशीची. मग माझा आवाज ऐकून टाळ्या वाजवल्या. एका बाईने डोळे मिटून माझा हात धरला आणि म्हणाली, "असंच बोलत राहा." इतकं प्रेम मला उभ्या आयुष्यात कुणी केलं नव्हतं. हे आधी सांगते, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यात ही माणसं वाईट वाटतील. ती वाईट नव्हती.

तिथे ओंकार नावाच्या मुलाचं भाषण ठेवलं होतं. आयटीत नोकरी, तिशीचा, बोलणं चटपटीत. विषय होता: 'इंदूच्या जन्माचं रहस्य'. मला वाटलं, काही विनोदी असेल. त्याने पडद्यावर मुद्दे दाखवायला सुरुवात केली आणि माझ्या लक्षात आलं की हॉलमधल्या प्रत्येकाला हे आधीच माहीत आहे; भजनाला माना डोलवाव्यात तशा माना डोलत होत्या. इंदू पारूची मुलगी नाही. इंदू भानुशेठची मुलगी आहे. दवाखान्यात अदलाबदल झाली. म्हणून भानुशेठ तिला पहिल्यांदा भेटतो तेव्हा थबकतो: "तू… पारूची?" म्हणून ती एका भागात बोंबील खात नाही. म्हणून ती सरकारी ऑफिसात शुद्ध बोलते.

मला बोलायला बोलावलं तेव्हा मी आधी बोंबलाचं सांगितलं. त्या भागात पारूशी भांडण झालंय, म्हणून इंदू जेवत नाही. बोंबीलच काय, भातही खात नाही. मग त्या थबकण्याचं सांगितलं. भानुशेठचं काम करणारे आमचे वयस्कर नट, त्यांच्या हातून कागद खाली पडला. 'तू' म्हणून ते वाकले, कागद उचलला आणि 'पारूची' म्हणाले. आम्ही सगळे हसलो होतो. एडिटरने मधलं हसणं कापलं आणि शांतता तशीच ठेवली. त्या शांततेत कुठलंही रहस्य नाही, पडलेला कागद आहे.

मला वाटलं, आता हॉल हसेल. कुणी हसलं नाही. ओंकार अदबीने म्हणाला, "मॅडम, कारण काहीही असो. पॉज आहे ना? आमी जे ऐकलं तेच खरं."

वर्गात मीच मुलांना सांगत असे की लेखकाला काय म्हणायचं होतं ते सोडा, तुम्हाला काय ऐकू आलं ते सांगा. मी म्हटलं, "बरं. पण मालिकेत पारू स्वतः बाळंतपणाची हकीकत सांगते. घरात, सुईणीच्या हातून. दवाखाना आला कुठून?"

"ते आहे ना, दवाखान्याचा भाग," मागून कुणीतरी म्हणालं.

"कितवा?"

तिघा-चौघांनी वेगवेगळे आकडे सांगितले. तनुजाने मोबाइल स्पीकरला लावला. आम्ही एक भाग ऐकला, दुसऱ्यातला तुकडा ऐकला. दवाखाना नव्हता. तेव्हा ठरलं की तो भाग नंतर काढून टाकला असणार. एक गृहस्थ तर शपथेवर सांगत होते की त्यांनी तो ऐकलाय, पाळण्याला बांधलेली चिठ्ठीसुद्धा त्यांना आठवते. ती चिठ्ठी, तनुजाने मागाहून मला हळूच सांगितलं, ग्रुपवरच्या एका मुलीने लिहिलेल्या गोष्टीत होती. कुणीतरी ती पुढे पाठवली, कुणी तिच्यावर चित्र काढलं, आणि नंतर ग्रुपमध्ये आलेल्यांना वाटलं की हे मालिकेतलंच. चहाचंही तसंच. कुणाच्या तरी चित्रात इंदूच्या कपात काळं काही दिसत होतं.

इथवर मी रागावले नव्हते, नुसती चक्रावले होते. मी ओंकारला विचारलं, "पण तुम्हाला हे हवंय कशाला? पारूची मुलगी असली तर बिघडलं काय?"

"बिघडत नाही, मॅडम. लॉजिक लागत नाही. ती नकाशे वाचते, कायदा बोलते, साहेबांसमोर घाबरत नाही. हे कुठून आलं?"

"शिकली ती. अख्खे चार भाग ती शिकतेय."

"शिकली, मान्य. पण ते आत असावं लागतं. ब्लडमध्ये."

आणि हॉलने मान डोलावली. भल्या, हसऱ्या, माझा हात धरून डोळे मिटणाऱ्या माणसांनी. मला कानशिलापर्यंत गरम झालं. पंचवीस वर्षं मी वाळवा, तासगावच्या मुलांना शिकवलं. ज्यांच्या घरात पुस्तक नव्हतं त्यांच्या वह्या तपासल्या. मी माइक खाली ठेवला. मला जे बोलायचं होतं ते चांगल्या मराठीत सुचेना, आणि वाईट मराठीत बोलायची सवय नाही.

पाम बीच रस्ता

दुपारी 'इंदूची सफर' होती. मिनीबसमधून मालिकेतल्या जागा दाखवायच्या. मी खिडकीशी बसले. खाडीच्या कडेकडेने तो लांब, गुळगुळीत रस्ता जातो. ओहोटी होती, आणि दूर चिखलात रोहित पक्ष्यांचा गुलाबी पट्टा दिसत होता. इतकं देखणं दृश्य मी रागाने पाहिलं याचं मला आता वाईट वाटतं.

बस एका बंगल्यासमोर थांबली. उंच फाटक, बोगनवेल, आत कुत्रा. "हे इंदूचं माहेर, भानुशेठचा बंगला," तनुजाने जाहीर केलं. लोक उतरले, फाटकापुढे उभे राहून फोटो काढू लागले. आतला वॉचमन वैतागून बघत होता. बंगला कुणाचा होता ते आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी तनुजाला विचारलं, "आणि गाव? होड्या, जाळी, पारूचं घर? ते कधी दाखवणार?"

"बस आत जात नाही, मॅडम. आणि वास असतो ना. सगळे फॅमिलीवाले आहेत."

मी परत बसमध्ये जाऊन बसले. माझ्यापुढच्या सीटवर एक मुलगी होती, तीही उतरली नव्हती. तिशीच्या आतली, सावळी, केस घट्ट बांधलेले. ती वळून म्हणाली, "मॅडम, मी दर्शना. बेलापूरला एका वकिलांकडे ज्युनिअर आहे. मी सारसोळ्याची. इथून चालत जाता येईल एवढं आहे आमचं गाव."

"मग हॉलमध्ये बोलली का नाहीस?"

"मागे एकदा लिहिलं होतं ग्रुपवर. की आमच्याकडच्या मुली शिकतात, यात रहस्य काय आहे. मला म्हणाले, तू पर्सनली घेतेस. मग मी लिहायचं सोडलं."

"तरी येतेस?"

तिने खांदे उडवले. "इंदू आवडते ना. दुसरी कुठली आहे आमच्यासारखी?"

मग म्हणाली, "माझी आई तुमची मोठी फॅन आहे. उद्या याल का घरी?"

सारसोळे

दुसऱ्या दिवशी मी रिक्षाने निघाले. तनुजाला बरोबर यायचं होतं. मी नको म्हटलं, आणि ते जरा तुसडेपणानेच म्हटलं. सेक्टर संपतात कुठे आणि गाव लागतं कुठे ते कळत नाही. सोसायटीची भिंत वळली की एकदम गल्ली अरुंद होते, एकावर एक चढवलेली घरं, रंगीत जिने, मंदिर, आणि मग तो वास. सुक्या जवळ्याचा. मला तो वास नवा होता, पण नाक दाबण्यासारखा मुळीच नव्हता.

दर्शनाची आई हिराबाई दारातच बसली होती. शेजारच्या दोघीजणी, मधे कोलंबीचं टोपलं, आणि स्टीलच्या पातेल्यात उभा ठेवलेला मोबाइल. पातेल्यात ठेवला की आवाज मोठा येतो. माझाच आवाज येत होता. मी इंदूचं पुढचं वाक्य मोबाइलबरोबर म्हटलं तेव्हा हिराबाईने सोललेली कोलंबी हातातच धरून वर पाहिलं.

"ये ग पोरी," ती म्हणाली. मी तिच्याहून फार तर चार-पाच वर्षांनी लहान असेन. "बस. पानी घे. उन्हाची आलीस."

तांदळाची भाकरी होती, कोलंबीचं कालवण, आणि नंतर दूध-साखरेचा दाट चहा. तो मी दोनदा मागून घेतला. माझं कौतुक वगैरे त्यांनी फारसं केलं नाही. मालिकेत मी बोलते ती बोली त्यांना पसंत नव्हती. "तू बोलतेस बरी," हिराबाई म्हणाली, "पन आमच्यातली नाय वाटत. कुनी शिकवलं?" मी सांगितलं, रेकॉर्डिंग ऐकून शिकले. "तरीच."

मी त्यांना विचारलं, पारू गेली त्या भागाला रडू आलं का? तो भाग मी फार मन लावून केला होता.

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. "पारू मेली नाय," शेजारीण म्हणाली.

"अहो, इंदू अग्नी देते. भागात आहे."

"आगीचा आवाज आला काय?" हिराबाईने विचारलं. "लाकडांचा? नाय आला. पारू उरनला गेली भयनीकडे. तिच्या जिवावर उठले असते ना शेठची मानसं, म्हनून मेली असं सांगितलं. आमच्या आळीत सगल्यांना म्हाईत हाय."

आगीचा आवाज खरंच नव्हता. स्टुडिओत तो चांगला जमत नव्हता म्हणून गाळला होता. म्हणजे ही आळीसुद्धा मोकळी जागा दिसली की तिथे आपल्याला हवं ते बसवत होती. आदल्या दिवशी याच गोष्टीवरून मी हॉलमध्ये पेटले होते, आणि इथे मला हिराबाईचं म्हणणं मनापासून आवडलं. हे न्यायाचं नव्हतं, ते मला तिथे बसल्या बसल्याच कळत होतं. पण इथे एका आईला मरणातून परत आणलं होतं, आणि तिथे त्याच आईकडून तिची पोर काढून घेतली होती. दोन्हीला एकच नाव द्यायला मी तयार नव्हते, अजूनही नाही.

जेवणानंतर दर्शनाने मला जेट्टीवर नेलं. होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या, खारफुटीच्या मुळांमधून निवट्या, ते चिखलातले छोटे मासे, टुणटुण उड्या मारत होत्या. मी जरा पुढे जायला गेले आणि चिखलात माझी चप्पल रुतली. पाय आला, चप्पल आली नाही. दर्शना हसत ती काढत होती तेव्हाच समीरचा फोन आला.

"मॅडम, मेळावा दणक्यात झाला म्हणे. दुसऱ्या पर्वाचं स्क्रिप्ट पाठवलंय. बघा तरी, लोकांना काय आवडेल ते दिलंय."

मी एका पायावर उभी राहून मोबाइलवर पान उघडलं. पहिल्याच प्रसंगात इंदूचं वाक्य होतं: 'मी पारूची नाही. मला आधीपासून वाटायचं, माझं रक्त वेगळं आहे.'

मी ते दर्शनाला दाखवलं. तिने वाचलं, चप्पल खाली ठेवली आणि खाडीकडे बघत राहिली. तिने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मी समीरला फोन लावला. "हे मी म्हणणार नाही."

"मॅडम, हे सगळे मानतातच. आपण फक्त ऑफिशियल करतोय. गोष्ट आता लोकांची झाली."

"कुठल्या लोकांची?"

"म्हणजे?"

"मी आत्ता सारसोळ्याच्या जेट्टीवर उभी आहे. इथेही लोक आहेत. यांना विचारलंस?"

तो हसला, वाईट हेतूने नाही, मला समजावायला. "मॅडम, तुम्ही फार पर्सनली घेताय."

तोवर माझा आवाज चढला नव्हता. तेव्हा चढला. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. जेट्टीवर जाळं विणत बसलेल्या माणसाने हात थांबवून ऐकलं एवढं सांगते. शेवटी मी म्हटलं, दुसरा आवाज शोध. "बघा, विचार करा," असं म्हणून त्याने फोन ठेवला. मी विचार केला नाही.

संध्याकाळी तनुजाला सगळं सांगितलं. तिला खरंच वाईट वाटलं. "पण मॅडम, आमचा हेतू तसा नव्हता," ती म्हणत राहिली. सासूबाई आतून म्हणाल्या, "हेतू नव्हता, पण बोललात ना?" आणि दूध घातलेला चहा माझ्यापुढे ठेवला.

सांगली

समीरने दुसरा आवाज शोधला. कुणी तरुण मुलगी आहे, चांगलं काम करते. तिचा काही दोष नाही. दुसरं पर्व आलं, त्यात इंदूने ते वाक्य म्हटलं, आणि आता ते मालिकेत आहे. कुणी भाग विचारला तर दाखवता येतो. ओंकारने मला सभ्य निरोप पाठवला की तुमची उणीव भासते. मी उत्तर दिलं नाही. मालिकेचं काम गेलं. आता मी दुपारी घरीच असते.

अशाच एका दुपारी हिराबाईचा फोन आला. दर्शनाने लावून दिला होता. मागे भांड्यांचा आवाज, बायकांचं बोलणं.

"ती नवीन बोलते ती कोन?"

"दुसरी आहे. मी सोडलं काम."

"ती बोलली, मी पारूची नाय," हिराबाई म्हणाली. "तू होतीस ना तिथं सुरुवातीपासून. तुला म्हाईत आसंल. खरं सांग. काय हाय?"

वाशीच्या हॉलमध्ये मी भागांचे आकडे मागितले होते. कुठे म्हटलंय, दाखवा, म्हणून हटून बसले होते. आता म्हटलेलं होतं, रेकॉर्ड केलेलं होतं, हजारोंनी ऐकलेलं होतं.

"तुमचीच आहे ती," मी म्हटलं. "त्यांनी लिहिलंय ते खोटं आहे."

"आमी तेच बोललो," हिराबाई म्हणाली, आणि फोन बाजूला धरून तिने ते आत बसलेल्या बायकांना मोठ्याने सांगितलं.